कागदावरची विधवा

लाँड्रीतली पाळी संपवून ती घरी आली तेव्हा नवरा भांडी घासत होता आणि शेजारची नर्स टपालानं आलेलं सरकारी पत्र उलगडत होती. या परक्या देशाची भाषा नवराबायकोला जेमतेम बोलता येई; वाचण्याच्या नावानं शंख.

नर्सनं दबकत विचारलं, "वहिनी, तुमचे मिस्टर वारले असं कुणी लिहिलं यात?"

नवऱ्याच्या हातातलं ताट निसटलं.

पत्र मुलाखतीचं बोलावणं होतं. इथं राहण्याच्या परवान्यासाठी केलेल्या अर्जात ती विधवा होती! नवऱ्याला मायदेशी गुंडांनी मारलं, अशी साग्रसंगीत कहाणी होती. अर्ज भरला होता वकीलसाहेबांनी. सगळ्या वस्तीचे कैवारी, आपला माणूस! आणि आपला म्हटला की आपण कोऱ्या कागदावरही सही ठोकतो. हा आपला जुनाच रोग.

ती तशीच त्यांच्याकडे धावली.

"त्यात काय एवढं?" साहेब हसले. "सगळ्यांचं असंच लिहितो मी. मुलाखतीत चार टिपं गाळा. खरं बोललात, तर दोघंही परतीच्या विमानात!"

तेव्हापासून जिना वाजला की ती दिवा मालवी. नवरा खिडकीशी जाईना. मेलेला माणूस कुणी पाहिला तर?

शेवटी नर्सनंच तिला मोफत कायदा सल्ला केंद्रात नेलं. तिथल्या वकीलबाईंनी सनद असलेल्यांची यादी तपासली. "हे वकील नाहीतच. कधीच नव्हते."

"मग आम्ही मेलोच की हो, बाई!"

"नाही. तुमची फसवणूक झालीय. पोलिसांत तक्रार द्या. हे तुमच्या नकळत लिहिलं, असं प्रतिज्ञापत्र करा. अर्ज दुरुस्त करून मागू. हमी मात्र देत नाही मी."

घरी नवरा गयावया करू लागला, "अगं, आपल्याच माणसावर तक्रार? वस्ती वाळीत टाकेल. रड की जरा!"

"तुम्ही धडधाकट समोर असताना? मला नाही जमायचं."

तिनं तक्रार दिली आणि वस्तीनं खरंच बोलणं टाकलं. त्या वस्तीत आणखी किती बायकांचं कुंकू असं कागदावर पुसलं गेलं होतं, हे विचारायला मात्र कुणी धजलं नाही. वाचकहो, आपण तरी विचारलं असतं का?

मुलाखतीच्या दिवसापर्यंत अर्जातली दुरुस्ती झालीच नव्हती; तक्रारीची प्रत तेवढी तिच्या हातात होती. अधिकाऱ्याचा प्रश्न दुभाष्यानं सांगितला, "पतीच्या मृत्यूबद्दल सांगा."

तिनं ती प्रत पुढं सरकवली आणि दाराकडे बोट दाखवलं.

"ते बाहेर बाकावर बसलेत. आत बोलावू?"