गोळी बंद न करता

लामुनूने चपला काढल्या, दात काढायच्या खुर्चीत चढून बसली आणि पिशवी पोटाशी घट्ट धरली.

"मावशी, उतरा," डॉक्टर ओर्येम म्हणाले. "रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद ठेवा, मग या, असं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

सिस्टरने हसू दाबायला तोंड फिरवलं. गुलूच्या बाजारात तिळाचं वाटण विकणारी ही बाई तीन आठवडे सुजलेला गाल घेऊन खेपा घालत होती. सात वर्षांपूर्वी कंपालाला तिच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. त्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून ती गोळी रोजची.

"आणि रक्त थांबलंच नाही तर?"

"तर थांबवा. एवढं शिकलात कशाला?"

"जबाबदारी माझ्यावर येते, मावशी."

"अबेरची कुणावर आली?"

डॉक्टरांना ते नाव माहीत नव्हतं. मग लामुनूनेच सांगितलं. कंपालाच्या इस्पितळात अबेर तिच्या शेजारच्या खाटेवर होती. तीच झडप, तीच गोळी. दाढेसाठी कुणीतरी गोळी बंद करायला लावली. दाढ काढल्याच्या चौथ्या दिवशी गाठ मेंदूत गेली. आता लेक तिला चमच्याने पेज भरवते.

"दाढ मात्र छान निघाली हो तिची," लामुनू म्हणाली.

मग तिने पिशवीतून एक कागद काढला. "आज सकाळची रक्ततपासणी. रक्ताच्या पातळपणाचा आकडा दोन पूर्णांक सहा. कंपालाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढ्यावर दात काढता येतो, गोळी बंद करायची नाही. मागे त्यांचा नंबर आहे. लावा."

तिच्या छातीतल्या झडपेची टिकटिक सिस्टरलाही ऐकू आली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि ते नंबर लावायला आत गेले.

परत आल्यावर त्यांनी हात धुतले.

दाढ निघाली. टाके घातले, औषधात भिजवलेला बोळा दाबून धरायला दिला. पहिला बोळा लालभडक झाला, दुसराही. सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. लामुनू छताकडे बघत दात आवळून बसली. तिसरा बोळा निघाला तो फिकट गुलाबी होता. चौथ्यावर जेमतेम डाग.

"संध्याकाळची गोळी?" सिस्टरने विचारलं.

"घ्यायची," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी टेबलावरची रुग्णांची वही उघडली, पुढच्या आठवड्याच्या पानावर दाढ काढायला येणाऱ्या एका मास्तरांच्या नावावर बोट ठेवलं आणि फोन लावला. तोंडात बोळा असल्याने लामुनूला बोलता येत नव्हतं; ती फक्त ऐकत होती.

"मास्तर, दवाखान्यातून ओर्येम बोलतोय. दाढेसाठी गोळी बंद केलीत का? कधीपासून? ... नाही, माझंच चुकलं. आत्ता घ्या. नाही, उद्या नाही. पाणी घेऊन या, मी फोन धरून ठेवतो."