खाटकाच्या घरचा दुधी

होणारे व्याही जेवायला यायचे होते आणि खाटकाने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. दुकान खाली, घर वर, त्यामुळे जिन्याने वास वर येणार, ही त्याची मोठी धास्ती. त्याने दुकान बंद ठेवलं, लाकडी ओंडका सोड्याने घासला, सुरे कापडात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि स्वतःचे हात लिंबाने चोळून चोळून लाल करून घेतले.

"अहो, तुम्ही खाटीक आहात हे त्यांना माहीत आहे," बायको म्हणाली. पण आज तो कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

झालं होतं असं, की मुलीने आपल्या पसंतीने जमवलं होतं आणि मुलगा निघाला भाजीवाल्याचा. हे लोक आपल्या घरी पाणी तरी पितील का, या एकाच काळजीने खाटकाची झोप उडाली होती. दुकानात गोड बोलणारी माणसं नातं जोडायची वेळ आली की नाक मुरडतात, हे त्याने पाहिलेलं होतं. पोरीचा जीव त्या मुलात गुंतला होता. आपल्या धंद्यापायी तिचं लग्न मोडलं, तर तिला तोंड कसं दाखवायचं?

"बाबा, ते सगळं खातात," मुलीने सांगून पाहिलं.

"आपलं मन राखायला म्हणत असतील. तू यात पडू नकोस."

मुलगी आणखी काहीतरी बोलणार होती, पण ते गिळून ती दुधी चिरायला बसली.

दुधी, भोपळा, शेंगा, पालेभाजी असा बेत ठरला. या घराला तो नवा नव्हता. खाटकाच्या वडिलांच्या काळी घरात मटण शिजायचं ते फक्त दुकान बंद असेल त्या दिवशी. तेही मोठ्या पातेल्यात चार हाडं आणि बाकी भाज्याच भाज्या. पुढे बरे दिवस आले आणि जिभेचे लाड सुरू झाले. दुकानात उरलेलं रोज वर यायला लागलं. मग गेल्या वर्षी मुलीने काय मनात घेतलं कोण जाणे, रोज सकाळी पिशवीभर भाजी आणू लागली. आणलेली भाजी टाकवत नाही, म्हणून खायची. खाटकाने आधी खूप कुरकुर केली, मग पट्टा एक भोक आत गेला तसा गप्प बसला.

दुपारी भाजीवाले आले. पोट सांभाळत जिना चढून आलेले ते, मागून त्यांची बायको आणि मुलगा. ताटं वाढली. भाजीवाल्यांनी ताटाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग पुन्हा ताटाकडे. काही केल्या त्यांचा हात पुढे होईना.

"भाऊसाहेब, राग मानू नका," भाजीवाले अखेर म्हणाले. "आमचं काही चुकलं का?"

"छे, छे. असं का म्हणता?"

"नाही, खाटकाच्या घरचं आमंत्रण आणि ताटात दुधी. तोही माझ्याच दुकानातला दिसतोय. मला वाटलं, तुम्हाला हे नातं नकोय आणि तोंडाने सांगवत नाही. मी सकाळपासून उपाशी राहिलोय हो, मटणाच्या आशेने."

खाटीक बघतच राहिला. "तुमच्यात मटण चालतं?"

"चालतं?" भाजीवालीणबाईंनी कपाळावर हात मारला. "वर्षभर आमच्याकडे दुसरं काही शिजलेलं नाही. हा मुलगा रोज संध्याकाळी पुडकं घेऊन हजर. म्हणे, ताजं मिळालं म्हणून आणलं. परवा डॉक्टरांनी यांना चांगलं फैलावर घेतलं."

मुलगा खाली मान घालून भातात काहीतरी शोधू लागला. मुलीला एकदम पाण्याची आठवण झाली आणि ती आत पळाली.

अंधारातही हाडाचा सांधा अचूक शोधणाऱ्या खाटकाला एवढं जुळवायला वेळ लागला. संध्याकाळी तो मागे सुऱ्यांना धार लावत बसायचा, तेव्हा गल्ल्यावर मुलगी असायची. आणि सकाळी भाजीच्या दुकानात कोण बसत असेल, हे आता विचारायची गरज नव्हती. दोघांनी एकमेकांना भेटण्यासाठी दोन घरांच्या चुली बदलून टाकल्या होत्या. खाटीक हसायला लागला तो थांबेचना. दोन्ही आया तर आधीपासूनच पदराआड हसत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

भाजीवाल्यांनी दुधीचा घास घेतला, दुसरा घेतला आणि ताट पुढे केलं. "वाढा आणखी. रोज विकतो, पण खायचं विसरूनच गेलो होतो. आई गेल्यापासून इतका चवीचा दुधी खाल्ला नाही."

खाटकाने आपल्या हाताने वाढलं. ते ताट मागे गेलं नाही, हे पाहून त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी इथे जेवायचं," तो म्हणाला. "वडील करायचे तसं मी करीन, पातेलंभर भाज्या घालून. बाकीचे दिवस तुमची भाजी."

"ठरलं," भाजीवाले म्हणाले आणि घास हातातच धरून थांबले. "पण लग्न झाल्यावर हा तुमच्याकडे रोज कशाला येईल? आणि ती तर आमच्याच घरात. तुमचं रोजचं गिऱ्हाईक गेलं, माझंही गेलं."

"जाऊ दे," खाटीक म्हणाला. "तारीख जवळचीच धरा."