विणीत अडकलेल्या गोळ्या

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली ही जुनी बाज म्हणजे मी. माझा एक खूर वाळवीनं पोखरला आहे, दोर कुजले आहेत. कोंबड्या माझ्यावर बसतात.

एके काळी माझाही थाट होता. वलगावच्या किसनरावांनी मळ्यातल्या बाभळीचे खूर घडवून घेतले आणि अंबाडीच्या सुतळीनं मला स्वतः विणलं. ते जातीचे माळी. पेढी नदीच्या काठी वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून अमरावतीच्या बाजारात न्यायचे. दिवसभर मोट हाकून माझ्यावर आडवे झाले की म्हणायचे, "अशी बाज राजाच्या घरी बी नसन." मी सुखावून जायची.

माणसाचं अंग बाजेला जेवढं कळतं तेवढं बायकोलाही कळत नाही. साठी उलटली तसे किसनराव लघवीला वरचेवर उठू लागले. मग कंबर धरली. चमक भरली असेल म्हणून त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, तेल चोळलं आणि देवीदासनं, त्यांच्या मुलानं, माझे दोर ताणले. दोष दोरांचा नव्हताच. एक दिवस लघवी पार तुंबली, तेव्हा मला गाडीत घालून, माझ्यावर त्यांना निजवून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी नळीनं लघवी मोकळी केली, तपासलं, कमरेचा एक्स-रे फोटो काढला. मग ओसरीवर माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, "किसनराव, मूत्राशयाखाली पुरुषांना एक ग्रंथी असते. तिथला हा कॅन्सर, आता हाडांत उतरला आहे. तो पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसतो. तो रस बंद केला की रोग दबतो. मरत नाही, दबतो. एक तर वृषणं काढून टाकायची, नाहीतर या नव्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. छाती जराशी सुजेल, घाबरू नका."

किसनरावांचा चेहरा उतरला. गावात गोऱ्हे खच्ची करायचे असले की पाय धरायला त्यांनाच बोलावत.

"मले बैल करता का, साहेब? गोळ्याच द्या."

गोळ्यांनी नवल केलं, मित्रांनो. थोड्याच आठवड्यांत कण्हणं थांबलं आणि किसनराव पुन्हा मोटेवर उभे राहिले. मैनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पण छाती खरंच भरून आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी नदीवर बैल धुताना किसनरावांनी बंडी काढली, तेव्हा शेजारचा पुंजाराम सगळ्यांदेखत ओरडला, "किसनराव, औंदा दूध देता का काय?" सगळा काठ हसला.

त्या दिवसापासून त्यांनी चारचौघांत बंडी काढली नाही आणि गोळी घशाखाली उतरवली नाही. मैनाबाई गोळी द्यायच्या, ते वर पाणी प्यायचे आणि त्या वळल्या की जिभेखालची गोळी काढून माझ्या विणीत खुपसायचे. दुखत नाही म्हणजे रोग नाही, असा त्यांचा समज. मी पडले लाकूड, कुणाला सांगणार? त्या गोळ्या खड्यांसारख्या टोचत राहिल्या.

हिवाळ्यात कंबर पुन्हा पेटली. पाय जड झाले आणि एका सकाळी हलेचनात. माझी झोळी झाली होती म्हणून देवीदासनं बापाला खाली निजवून दोर ताणायला घेतले. विणीतून पांढरा चुरा आणि गोळ्या भुईवर सांडल्या.

मैनाबाईंनी एक गोळी उचलून पाहिली. "हे काय होय? मी तं रोज तुमच्या हातावर ठेवत होती!"

किसनराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "दुखत नोतं. मंग लोकाइचं हासू काहून आयकू?"

"हासणारे हासून आपल्या घरी गेले," त्या म्हणाल्या.

पुन्हा गाडी, पुन्हा तीच ओसरी. या वेळी किसनराव आपणहून म्हणाले, "करा बैल." शस्त्रक्रियेनं कळा थांबल्या. पाय मात्र परत आले नाहीत. हाडांतल्या रोगानं पाठीतली नस फार काळ दाबली गेली होती, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन ते माझ्यावर पडून दुसऱ्यानं हाकलेल्या मोटेची कुरकुर ऐकत राहिले. त्यांचं वजन उतरताना मला कळत होतं.

आपल्याकडे जाणाऱ्या माणसाला बाजेवर ठेवत नाहीत, भुईवर घेतात. देवीदासनं त्यांना उचललं तेव्हा माझा एक दोरसुद्धा हलला नाही. इतके ते हलके झाले होते. मला फार वाटत होतं, अजून थोडा वेळ राहू द्या.

मग मी या भिंतीशी आले. परवा पुंजाराम आला, कंबर धरून. मैनाबाईंनी मला भिंतीपासून काढून आडवं टाकलं, धूळ झटकली आणि त्याला बसायला सांगितलं. त्यानं खालमानेनं आपलं दुखणं सांगितलं.

"सकाळीच अमरावतीले जाय, देवीदास गाडी जुंपन," मैनाबाई म्हणाल्या. "अन् डॉक्टर देईन ते गिळजो. छाती सुजली तं सुजू दे."

"लोक हासतीन, वैनी."

"हासतीन. तू हासला होता तसेच."

पुंजाराम उठला आणि सकाळच्या गाडीचं देवीदासला विचारायला गेला.

मित्रांनो, ताणलेली बाज पुन्हा सैल पडतेच, म्हणून ती पुन्हा पुन्हा ताणावी लागते. रोग दबला तरी औषधाचं तसंच आहे. माझे दोर कुणी बदलले नाहीत तरी चालेल. पण आजारी माणसाच्या अंगाला हसू नका आणि बरं वाटलं म्हणून त्याला औषध सोडू देऊ नका. हात पोचत नाही अशा जागी, माझ्या विणीत, एक गोळी अजून अडकून आहे.