दहा मिनिटं थांबून

"सकाळपासून कुणी किल्ली फिरवली नाही ना, वहिनी?" बॉनेटवर तळहात टेकवत इसाओ नागामात्सुनं विचारलं.

"मी कशाला हात लावतेय तिला," फुसाए म्हणाली. "अंगण झाडते तेसुद्धा लांबून."

बॉनेट गार होतं. हे उत्तम. विकणाऱ्यानं आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर गाडी न बघताच परत फिरावं, असं नागामात्सु प्रत्येकाला बजावायचा. समुद्रापलीकडे हिरोशिमाच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यानं हीच रोटरी इंजिनं जोडली होती, आणि निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये हीच खोलून बसायचा. जुनी रोटरी गाडी घ्यायची तर या बेटावरच्या म्हाताऱ्याला सोबत न्या, एवढं नाव त्यानं कमावलं होतं. त्या नावाचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायचाही नाही.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे ओकायामाहून आलेली मिसाकी ओरिबे, चाळिशीची, शहर बस चालवणारी बाई. गाडी होती योशिझुमी कादोवाकीची. कादोवाकी म्हणजे नागामात्सुचा कारखान्यातला जोडीदार, तीस वर्षं एकाच बाकावर डबा खाल्लेला. त्याला जाऊन वर्ष झालं. मागच्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं आणि फुसाएनं गाडी विकायचं ठरवलं.

"एक आधीच सांगतो," नागामात्सु ओरिबेला म्हणाला. "हे इंजिन तीन वर्षांपूर्वी मीच खोलून बांधलंय. परीक्षा घेणारा मी आणि परीक्षेला बसलेलाही मीच. चालेल?"

"मग काय, पास होणारच," ओरिबे हसली.

"तसं नसतं. आत एकामागे एक दोन रोटर असतात, प्रत्येक तीन कोनांचा, आणि प्रत्येक कोनावर एक पट्टी. ती पट्टी भिंतीला घट्ट चिकटली तर दाब तयार होतो, नाही तर सगळं मुसळ केरात. आणि ही इंजिनं महा लबाड असतात. गार असताना दुखणं दाखवतच नाहीत. करा सुरू."

गाडी एका किल्लीत सुरू झाली. मागून थोडा पांढरा धूर आला आणि विरला. नागामात्सुनं मान हलवली. हे इंजिन थोडं तेल पिणारच, त्याला भ्यायचं नाही. तेल अजिबात कमी होत नाही असं कुणी म्हणालं तर मात्र भ्यायचं. तापमानाचा काटा वर आल्यावर दोघं वीस मिनिटं रस्त्यावर फिरून आली. गाडी झकास पळाली. ओरिबेचा चेहरा असा फुलला होता की नागामात्सुला कादोवाकीच आठवला.

"बंद करा. आता दहा मिनिटं हात लावायचा नाही," अंगणात आल्यावर तो म्हणाला. "खरी परीक्षा हीच. तापलेलं इंजिन बंद करायचं, थांबायचं आणि मग किल्ली फिरवायची. पट्ट्या ढिल्या झाल्या असतील तर तेव्हा पितळ उघडं पडतं."

फुसाएनं बार्लीचा गार चहा आणला. तिघं ओसरीच्या कडेला बसली.

"सुरू कशी करायची ते नीट शिकून घ्या हं," फुसाए ओरिबेला म्हणाली. "माझ्यासारखं करू नका."

"म्हणजे?"

"हे गेले त्या दिवशी सकाळी छातीत दुखायला लागलं. मी म्हटलं, अॅम्ब्युलन्स बोलावते. तर म्हणाले, सायरन वाजवून गल्ली कशाला गोळा करतेस, मीच चालवतो. अगदी स्वभाव तसा. निघालो. पुलाच्या अलीकडच्या चढावर दुखणं वाढलं म्हणून थांबले, गाडी बंद केली, म्हणाले, आता तू चालव. जागा बदलली. मी किल्ली फिरवली, तर सुरूच होईना. कितीदा फिरवली असेल. मग अॅम्ब्युलन्सला फोन केला, ती यायला पाऊण तास. माझ्या हातानं पेट्रोल जास्त चढलं, असं सगळे म्हणाले."

सगळे म्हणाले होते हे खरं, आणि सगळ्यांत आधी म्हणाला होता नागामात्सु. अंत्ययात्रेच्या दिवशी 'गाडी सुरू झाली नाही' एवढंच त्याच्या कानावर आलं आणि त्यानं लगेच निदान करून टाकलं. रोटरीवाल्यांना दुसरं सुचतच नाही. गार इंजिन सुरू केलं, गाडी हातभर हलवली आणि लगेच बंद केली की आत पेट्रोल साचतं, मग बोंबला. न कळणाऱ्या माणसाकडून हमखास हेच होतं. बाई बसली असेल, घाबरून काही तरी केलं असेल. वहिनी, तुमचा दोष नाही, या गाडीची खोडच ती आहे, असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला होता. रोटरी गाड्यांच्या क्लबातल्या लोकांनी माना डोलावल्या होत्या.

"वहिनी," त्यानं पेला खाली ठेवला. "चढावर म्हणता? पुलाजवळच्या?"

"हो."

"म्हणजे घरापासून वीस मिनिटं गाडी चालली होती."

"चांगली चालली होती. का हो?"

तापलेलं, वीस मिनिटं पळालेलं इंजिन पेट्रोलनं असं भरत नाही. हे त्याला वर्षभरापूर्वी विचारता आलं असतं. एक प्रश्न, बस.

"झाली दहा मिनिटं," ओरिबे म्हणाली आणि गाडीत बसली.

इंजिन फिरत राहिलं, पकडेना. तिनं पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा तेच. फुसाएनं तोंड दुसरीकडे वळवलं. हा आवाज ती ओळखत होती.

नागामात्सुनं मागच्या रोटरचा प्लग काढला, दाबमापक लावला आणि ओरिबेला किल्ली फिरवायला सांगितली. तीन बाजूंचे तीन आकडे: एक चांगला, दोन पडलेले. दोन बाजू पडतात तेव्हा त्यांच्या मधली एकच पट्टी गेलेली असते. ती कुठली, हे त्याला इंजिन न खोलता कळलं. ते इंजिन बांधताना पट्टीला खालून भिंतीकडे रेटणारी एक नवी स्प्रिंग हातातून निसटून कुठे तरी गेली. नवी यायला आठवडा लागला असता, आणि कादोवाकी दिवसातून दोनदा शेडमध्ये डोकावून 'झाली का रे?' विचारत होता. नागामात्सुनं जुनी स्प्रिंग बोटांत दाबून पाहिली, अजून दम आहे असं वाटलं, आणि बसवून टाकली. पळताना पट्टी वेगानंच भिंतीला दाबली जाते. धोका असतो तो सुरू करताना, तोही गरम असताना. हे तो लोकांना शिकवायचा.

"पेट्रोल जास्त झालं ना परत?" फुसाएनं विचारलं. "बघा, यांनाही जमलं नाही."

तिच्या आवाजात थोडा दिलासा होता. बसवाल्या बाईलाही जमलं नाही म्हणून. 'हो' म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. ओरिबेला बाजूला घेऊन गाडी घेऊ नका म्हणून सांगता आलं असतं आणि त्याचं नावही शाबूत राहिलं असतं. ओरिबे मापकाकडे बघत होती. बाई हुशार होती.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "पेट्रोलचा संबंध नाही. त्या दिवशीही नव्हता. इंजिनच गेलं होतं. आत एक जुनी स्प्रिंग आहे, ती मी घातली. नवी मागवायची ती मागवली नाही. तुम्ही नाही, मीच बसलो असतो तरी त्या दिवशी गाडी सुरू झाली नसती."

ओरिबे गाडीतून उतरली, दोघांनाही कमरेत वाकून नमस्कार केला आणि फाटकाबाहेर गेली.

"तेव्हा तोमोहारु सेंदाईहून आला होता," फुसाए म्हणाली. तोमोहारु तिचा मुलगा. "त्या रात्री मला म्हणाला, आई, बाबांनी कितीदा सांगितलं होतं, शिकून घे. तेवढंच म्हणाला. तेव्हापासून फोन नाही. वर्षश्राद्धाला पण आला नाही." मग तिनं नागामात्सुकडे नीट पाहिलं. "वर्षभर तुम्ही दर महिन्याला येत होता. माझी समजूत घालत होता."

"हो."

"मनात रोज ती किल्ली फिरवते मी. झोपेतसुद्धा."

त्यानं टोपी काढली. नुसतं वाकून उभा राहिला.

"माझ्यापुढे वाकू नका," ती म्हणाली. तिनं आत जाऊन फोन आणला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "त्याला सांगा. सगळं सांगा, स्प्रिंगचंही. आणि मग परत येऊ नका."

पलीकडे घंटी वाजत राहिली. खूप वेळानं पुरुषाचा आवाज आला, "आई?"

"मी नागामात्सु," तो म्हणाला. "बाबांच्या गाडीचं इंजिन ज्यानं बांधलं, तो." मग त्यानं सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही. सांगून झाल्यावर फोन दोन्ही हातांनी फुसाएपुढे धरला.

तिनं तो कानाला लावला. "ऐकलंस?" एवढंच म्हणाली. तोमोहारुनं फोन ठेवला नव्हता, आणि तिनंही ठेवला नाही. ओसरीच्या कडेला बसून ती फोन कानाशी तसाच धरून राहिली, आणि नागामात्सु आवाज होऊ न देता एकेक पाना पिशवीत भरत राहिला.