मालक कोणीतरी व्हा

"आज पाच वाजायच्या आत या खोलीत भांडवलशाहीचं पितळ उघडं पडलेलं असेल," असं मास्तरांनी जाहीर केलं आणि खडू घेऊन ते फळ्याकडे वळले. फळ्यावर शिवणाच्या वर्गाने कंबर, छाती आणि बाहीची मापं लिहून ठेवली होती आणि खाली दोन रेघा मारून बजावलं होतं, 'पुसू नये'. मास्तरांनी पुसलं नाही. बाहीखाली उरलेल्या वीतभर जागेत त्यांनी भांडवलशाही लिहायला घेतली. त्यातलीही 'शाही' पुढच्या ओळीत गेली.

पस्तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला माणूस एवढ्याने डगमगत नाही. उलट तिथलं शिकवणं सोपं होतं, कारण मुलांना मास्तरांचं काहीच पटत नसे. इथे संघटनेच्या कचेरीवरच्या खोलीत अकरा कार्यकर्ते बसत आणि त्यांना सगळंच आधीपासून पटलेलं असे. पटलेलं असल्यामुळे समजायचं राहून गेलं होतं. 'नफा कुठून येतो?' असं विचारलं की उत्तर यायचं, 'अन्यायातून.' 'भाडं म्हणजे काय?' 'अन्याय.' 'आणि व्याज?' तेव्हा नुसत्या माना हलायच्या, कारण तोवर चहा आलेला असायचा.

आज मागच्या बाकावर संघटनेच्या चिटणीसबाई वही घेऊन बसल्या होत्या. रविवारी पाचनंतर खोली शिवणाच्या वर्गाकडे असे, आणि त्या वर्गाला तीन ते पाचची वेळही हवी होती. "शिवणाच्या वर्गातून निदान पिशवी तरी बाहेर पडते," बाई म्हणाल्या होत्या. "तुमच्यातून काय पडतं ते बघून आजच काय ते ठरवू, मास्तर." मास्तरांच्या वर्गाचा हा सहावा रविवार होता. मास्तरांना घरी दुपारची झोप येत नसे आणि दुसरं काही येतही नसे. खोली गेली तर त्यांचे रविवार गेले.

"आज बोलायचं नाही, करायचं," मास्तर म्हणाले. त्यांनी पिशवीतून खळीचा डबा, दोन कात्र्या आणि बिस्किटांचे पुडे काढले. कचेरीतली रद्दी मधोमध ओतली. "पाकिटं करायची. मी बाजार. दोन पाकिटांना मी एक बिस्किट देणार. आता एक जण मालक व्हा, बाकीचे कामगार."

मालक व्हायला कोणी तयार होईना. डेपोतला ड्रायव्हर, ज्याला मोर्चातल्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत, उभा राहिला. "मास्तर, बावीस वर्षांत हे दूषण लागू दिलं नाही मी." मग मालक निवडून द्यावा की आळीपाळीने व्हावा यावर सभा सुरू झाली. अध्यक्ष नेमला गेला. वीस मिनिटांनी एक उपसमितीही निघाली. चिटणीसबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते लांबलचक नव्हतं.

"मी होते," कोपऱ्यातून आवाज आला. पाळणाघर चालवणाऱ्या मावशी. पाच रविवारांत त्यांनी तोंड उघडलं होतं ते फक्त पंखा कमी करा म्हणायला. "माझे गुडघे दुखतात. खाली बसून चिकटवणं जमायचं नाही. मालक खुर्चीवरच बसतो ना?"

मावशी खुर्चीवर बसल्या आणि मास्तरांनी बिस्किटांचा पहिला पुडा आगाऊ म्हणून त्यांच्या मांडीवर ठेवला. मावशींनी पदर खोचला.

"दहा पाकिटांना एक बिस्किट," त्या म्हणाल्या. "कात्रीला भाडं पडेल. वाकडं पाकीट मोजणार नाही." वाकडी पाकिटं त्यांनी बाजूला ठेवली आणि पाच मिनिटांनी तीच मास्तरांना विकली. मग त्यांनी भोंग्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमचा आवाज चांगला आहे. मुकादम व्हा. एक बिस्किट वरचं."

"मी? माझ्याच माणसांवर?"

"क्रीमचं आहे."

भोंगा उठला. दोनच मिनिटांत तो म्हणत होता, "गप्पा नंतर, हात चालवा," आणि तेही अशा आवाजात की खालच्या कचेरीतला टाइपरायटर जोरात चालू लागला.

सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मावशी, वीस तरी पाकिटं झाली माझी. दोनच बिस्किटं?"

"परवडत नसेल तर बाहेर तिघी उभ्या आहेत, बाळा," मावशी मायेने म्हणाल्या. खरंच उभ्या होत्या. शिवणाच्या वर्गाच्या तीन बायका लवकर येऊन दारात ताटकळत होत्या. मावशींनी त्यांना आत घेतलं. त्यांची घडी अशी बिनचूक की मजुरी लगेच वीस पाकिटांना एक बिस्किट झाली. बेकार माणसाचा मालकाला काय उपयोग, हे मास्तर तीन रविवार समजावत होते.

नर्सने खळीचा ब्रश खाली ठेवला. शिवणाच्या बायकांच्या कानाशी लागून ती काहीतरी बोलली. मग सगळे उठले आणि एकेक करून बाहेर गेले. सर्वांत शेवटी भोंगा गेला, क्रीमचं बिस्किट खिशात घालून.

खोलीत मास्तर, मावशी आणि चिटणीसबाई एवढेच उरले.

"वर्ग सुटला वाटतं," बाईंनी वही मिटली.

"आत्ता भरलाय," मास्तर म्हणाले आणि निवांत बसून राहिले. जिन्यावरून कुजबुज येत होती, मग 'गुणिले', मग 'अगं, हातचा विसरलीस'.

दहा मिनिटांनी सगळे परत आले. नर्सच्या हातात कागद होता.

"ऐंशी पाकिटं. बाजाराने चाळीस बिस्किटं दिली. आम्हाला मिळाली पाच, त्यातली दोन कात्रीच्या भाड्यात परत गेली. मुकादमाला एक. मालकाकडे छत्तीस. नापास केलेली अठरा पाकिटंही यातच विकली गेली. कागद संघटनेचा, खळ आणि कात्री मास्तरांची. मालकाने काय आणलं?"

"खुर्ची," मावशी म्हणाल्या.

"तीही संघटनेची."

"तर मग ही छत्तीस कुणाच्या कामाची?" मास्तरांनी विचारलं.

"आमच्या," नर्स म्हणाली. 'अन्याय' हा शब्द कोणी काढला नाही. हिशेबाखाली पहिल्या तीन सह्या शिवणाच्या वर्गाच्या होत्या. भोंग्याने खिशातलं बिस्किट काढून मुकाट्याने कागदावर ठेवलं. त्याचा एक कोपरा कमी होता.

चिटणीसबाईंनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून वहीत ठेवला. "खोली तुमचीच राहू दे, मास्तर. तीन ते पाच." शिवणाच्या बायकांनीही हरकत घेतली नाही. त्या पुढच्या रविवारी तीनलाच येणार होत्या, बसायला.

मास्तर उठले. पस्तीस वर्षं मनात घोळवलेलं वाक्य आता म्हणायचं होतं. त्यांनी घसा साफ केला. "मित्रहो, आज या खोलीत..."

मावशींचा हात वर होता. सहा रविवारांत पहिल्यांदाच.

"बोला, मावशी."

"पुढच्या रविवारीही मलाच मालक ठेवाल का?" मावशी म्हणाल्या. "आत्ता कुठे हात बसायला लागलाय."