कागदावर आठ

ब्रह्मपुरी ते नागभीड या रस्त्यावर मी अकरा वर्षं जीप चालवतो. या अकरा वर्षांत हात दाखवणारा एकही माणूस मी रस्त्यावर सोडलेला नाही. कागदावर सीट नऊ आहेत, पण "सरका जरा" म्हटलं की माणसं सरकतात आणि जागा होते. याच स्वभावापायी माझी बायको मला सोडून नागपूरला जायची वेळ आली होती.

बायकोचं नाव दिव्यानी. ती नागपूरच्या एका गेम कंपनीत नोकरीला आहे. त्या कंपनीचा गेम चालतो त्यांच्या मशीनवर, आणि तुमच्या मोबाइलवर येतं फक्त चित्र. त्यामुळे साध्या मोबाइलवरही भारी गेम खेळता येतो. अडचण एकच होती. मशीन होत्या मुंबईला. इथे बटण दाबलं की गाडी वळायला इतका वेळ लागायचा, की तोवर ती झाडाला धडकलेली असायची. म्हणून कंपनीने ठरवलं, एक लहान मशीन गावाकडेच ठेवून पाहू. ती आली आमच्या घरी, धानाची पोती ठेवायच्या खोलीत. पोती ओसरीत आली. आम्हा दोघांना जो एसी कधी जमला नव्हता, तो मशीनला लागला.

मशीनमध्ये चित्र काढणारी कार्डं असतात. कंपनी एक मोठं कार्ड देत होती, दिव्यानीने भांडून दोन मध्यम घेतली.

"मोठं एकच असलं अन् तापलं, त सगळेच बसते," ती म्हणाली. "दोन असले त एक रुसलं तरी दुसरं चालते."

एका कार्डाचे चार वाटे, म्हणजे एका वेळी आठ माणसं खेळणार.

"आठच?" मी म्हटलं. "दाबून बसवले त?"

"अजी, हे जीप नाई."

पोळ्याच्या दिवशी कंपनीचे खुशाल सर तपासणीला येणार होते. त्यांची सासुरवाडी नागभीडची, म्हणजे सणही साधणार होता. आठही जागा भरलेल्या असताना तासभर मशीन अडखळली नाही, तर ती आमच्याकडेच राहणार. अडखळली तर मशीन नागपूरला परत, आणि तिच्यामागे दिव्यानीही. आमच्या लग्नाला तेव्हा दहा महिने झाले होते. रोज संध्याकाळी जीप लावली की ती दारात दिसायची, आणि मला त्याची फार सवय झाली होती.

आता गावात अशी गोष्ट लपते का? आधी पत्रू आला, मग त्याचा भाऊ, मग शेजारच्या रुखमाबाई. नाही म्हणायची मला सवय नाही. पासवर्ड होते आठ. ते मी चौघाचौघांत वाटून दिले, फुकट. आणि दिव्यानी विहिरीवर गेली असताना मशीनच्या पडद्यावर जिथे जास्तीत जास्त आठ लिहिलेलं होतं, तिथे चाळीस केलं. एकतीस माणसं बसवली. दोन महिने काही झालं नाही. कोणी धानाच्या बांधीत असायचं, कोणी राइस मिलवर, कोणी कॉलेजात. एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा सहाच्या वर जायचा नाही. दिव्यानी आकडा पाहून खूश, आणि मी मनात म्हणायचो, या कंपनीवाल्यांना गाडी भरताच येत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. पोळ्याला बैल जुपत नाहीत, आणि बैल घरी तर माणूसही घरी. पुरणपोळी खाल्ल्यापासून संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे करेपर्यंत अख्खं गाव रिकामं असतं.

खुशाल सर ओसरीत तिसरी पुरणपोळी खात होते. तीनला तपासणी सुरू होणार होती. पावणेतीनला दिव्यानीने मला खोलीत ओढलं. मशीनचे पंखे बोंबलत होते. पडद्यावरचा आकडा चौदा झाला, मग एकोणीस, मग सव्वीस.

"आठाच्या वर जाऊन कसा राह्यला हा?" ती म्हणाली.

मी सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "मले नागपूरले पाठवाचं होतं, त सरळ सांगाचं ना."

"समद्यायले बंद करून टाक," मी म्हटलं.

"बंद केलं त मशीन बंद पडल्याची नोंद होते. लोकायनं आपल्या मनानं उतराले पाहिजे."

गाडीतून माणूस उतरवायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. पण मी धावत सुटलो. आधी रुखमाबाईंचं घर लागलं. त्या भिंतीला टेकून मोबाइलमध्ये गुंग होत्या.

"रुखमाबाई, उतरा! गेम बंद करा!"

"काऊन? थोडीच बांधी राह्यली नांगराची."

मी वाकून पाहिलं. शेतीचा गेम होता आणि नांगराला पांढरी बैलजोडी होती.

"रुखमाबाई, आज पोळा आहे. अन् तुमी बैल जुपले?"

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "माय वो! ध्यानातच नाई राह्यलं." त्यांनी घाईघाईने बैल सोडले, आणि मोबाइल कपाळाला लावून त्यांची माफी मागितली.

मला रस्ता सापडला. मारुतीच्या देवळापुढे तोरणासाठी माइक लावलेला होताच. तो मी हातात घेतला.

"ऐका हो! ज्यानं ज्यानं गेममंदी बैल जुपले असन, त्यानं आत्ताच्या आत्ता सोडावे! मोबाइलमंदीबी पोळाच आहे!"

घराघरातून "अरे बाप्पा" ऐकू आलं. दोन मिनिटांत दिव्यानीचा फोन आला. "सतरा... अकरा... आठ! आता गप राहा, नाईतर आकडा सातावर येईन." उरलेले आठ पत्रूसारखे गेममध्ये ट्रक चालवणारे होते. ट्रकला पोळा नसतो. तासभर मशीन गुमान चालली.

पण माइकचा आवाज ओसरीपर्यंत जातो, हे मी विसरलो होतो. तास संपल्यावर खुशाल सरांनी विचारलं, "किती लोक होते, भाऊ?"

दिव्यानी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "एकतीस लोकायले पासवर्ड वाटले, सर. आकडा म्या बदलवला. हिले काहीच मालूम नव्हतं." ते वहीत लिहीत राहिले. दिव्यानी माझ्याकडे बघत होती आणि मला वर पाहवत नव्हतं.

तोरण तुटून पोळा फुटला, बैल घरोघर गेले. सरांना नागभीडला जायचं होतं आणि बस नव्हती. मी जीप काढली. सणाला आलेली पाव्हणेमंडळीही निघाली होती, त्यामुळे गाडी गच्च झाली. दिव्यानी पुढे माझ्याजवळ बसली. सर मागे, गुडघे पोटाशी, मांडीवर कोणाचं तरी गाठोडं.

"भाऊ," मागून आवाज आला, "कागदावर किती?"

"नऊ, सर."

"अन् आत?"

"तुमाले धरून चौदा."

सरांनी कसाबसा खिशातून मोबाइल काढला आणि नागपूरला फोन लावला. "मशीन इथंच ठेवा. अन् आणखी दोन कार्ड पाठवा. आठात नाई भागत या गावाचं, सोळा पाहिजे."

"अन् सर... दिव्यानी?"

"मॅडम नसल्या त तुमच्या भरवशावर ठेवू काय मशीन?"

सगळी जीप हसली. दिव्यानी खिडकीबाहेर बघत होती, पण तिने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. पुढच्या फाट्यावर एका म्हाताऱ्याने हात दाखवला. पाय सवयीने ब्रेककडे गेला, पण आज मी तो मागे घेतला आणि दिव्यानीकडे पाहिलं.

"अहो, थांबवा ना गाडी," मागून खुशाल सर म्हणाले. "सरका जरा, बसू द्या बाबाजीले."