रिकाम्या गव्हाणीची लेक

आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात बांधलेली मी म्हैस. काजळी माझं नाव. वय तसं फार नाही. पण मित्रांनो, जिच्यामागे पारडू नसतं ती म्हैस इथं लवकर जुनी होते.

माझी आई तबेल्याची शान होती. मालक गुणाजी पाहुण्यांना मुद्दाम तिच्यापाशी आणत आणि म्हणत, "बघा, दुधाची विहीर!" मी पोटात वाढत असताना ती आटली. गाभण म्हैस विण्याआधी काही महिने दूध देत नाही, हे साऱ्यांना ठाऊक असतं. पण आमच्या तबेल्याची रीत अशी, की दूध देणारीला सरकीची पेंड आणि आटलेलीला सुकं गवत. त्या साली तर गवतही धड नव्हतं. मालकीणबाई शेवंतीकाकू पेंडीची पाटी घेऊन आईसमोरून जात. आई मान लांब करी. एकदा काकू थबकल्या, तेव्हा गुणाजी ओरडले, "अगो, आटलेल्या म्हशीला पेंड म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! चल पुढे!"

काकू पुढे गेल्या.

मी जन्मले ती नुसती हाडांची मोळी. मग मात्र काकूंनी मला लेकीसारखं वाढवलं. हाताने गूळ भरवला, शिंगांना तेल चोळलं. "माझी काजळी आईच्या वरताण निघणार," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी अंगाने भरले, आरशासारखी चकाकू लागले. मलाही त्यांचं बोलणं खरं वाटलं.

बरोबरीच्या वगारी गाभण राहिल्या, व्यायल्या. मी माजावर आले तर आले, नाहीतर नाही. रेडा झाला, सुया झाल्या, नवस झाला. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात गुणाजी म्हणाले, "डॉक्टरला शेवटचं दाखवतो. नाही जमलं तर देवनारच्या कत्तलखान्याचा टेम्पो."

आणि मला लेक म्हणणाऱ्या काकू माझ्या तोंडावर म्हणाल्या, "भाकड मेली! खाल्ल्या अन्नाला जागली नाही!"

गुरांचे डॉक्टर अंबादास आले. खांद्यापर्यंत रबरी मोजा चढवून त्यांनी मला तपासलं. "बीजकोश लहानच राहिलेत हिचे. आई गाभण असताना तिला काय घालत होता?"

"आटली होती ओ ती. गवत घालायचो."

"मग तिथंच वाट लागली. दुसरं कारण मला दिसत नाही. मादी पोटात असते तेव्हाच तिच्या पुढच्या पिल्लांचं बी तिच्या अंगात तयार होतं. तेव्हा उपाशी मारलीत, आता गूळ घालून काय होणार?"

दाराशी सून नलिनी पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिला दिवस गेलेले. बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल, म्हणून काकू तिला अर्धीच भाकरी वाढत.

"आई, ऐकलंत ना?" ती शेजारी उभ्या असलेल्या काकूंना म्हणाली. "आणि मला अर्धी भाकरी?"

"गप गो! ती म्हैस, तू माणूस."

"काकू," डॉक्टर मोजा काढत म्हणाले, "पोटातल्या जिवाला म्हैस की माणूस ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनी ओट्यावर जेवायला बसली, तेव्हा काकूंनी तिच्या ताटात दोन अख्ख्या भाकऱ्या वाढल्या, वर डाळ, वर सुकटाची चटणी. "खा पोटभर," म्हणाल्या.

मला बरं वाटलं. वाटलं, कळलं यांना. आता मला ठेवतील.

तेवढ्यात टेम्पो आला.

मित्रांनो, माझ्यावरून त्या शिकल्या आणि मलाच त्यांनी विकलं. दावं सोडताना काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वळून पाहिलं नाही. माझ्या वाट्याचं अन्न तर यांनी माझ्या जन्माआधीच काढून घेतलं होतं. मग मी कोणत्या अन्नाला जागायला हवं होतं?

तुमच्या दारात गाभण जनावर असेल, घरात पोटुशी बाई असेल, तर तिच्यासमोरून भरली पाटी पुढे नेऊ नका. तिच्या पोटात लेक असली, तर त्या एका गव्हाणीवर तीन पिढ्या जेवत असतात.